आजच्या तरुण बास्केटबॉलपटूंचा आत्मविश्वास जॉर्डन, कोबे यांच्या तोडीचा आहे, की ती नुसती बढाई आहे?

तुम्ही लिहिलंय की जुन्या दिग्गजांनी आधी करून दाखवलं आणि मग ते बोलले, आजची पोरं मात्र काही जिंकण्याआधीच बोलतात. मी बरीच वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय आणि त्याहून जास्त वर्षं एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघतोय. मला हा क्रमच पटत नाही.

1998 ची ऑल-स्टार मॅच, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, आठवा. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर मायकेल जॉर्डन. कोबे ब्रायंट तेव्हा 19 वर्षांचा होता, आणि स्वतःच्या लेकर्स संघातही तो सुरुवातीच्या पाचात नसायचा. कार्ल मलोन त्याला स्क्रीन द्यायला, म्हणजे त्याच्या बचावपटूची वाट अडवायला, पुढे आला. मलोन म्हणजे आदल्याच सीझनचा एमव्हीपी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कोबेने त्याला हातानेच बाजूला व्हायची खूण केली, कारण त्याला एकट्याने खेळायचं होतं. आज एखाद्या पोराने असं केलं तर त्याची क्लिप दिवसभर फिरेल आणि आपण म्हणू, काय हा माज! कोबेच्या नावावर पुढे पाच विजेतेपदं लागली, म्हणून त्याच खुणेकडे आज आपण कौतुकाने बघतो.

मॅजिक जॉन्सनचंही तेच. 1980 च्या फायनलमध्ये त्याच्या लेकर्स संघाचा मुख्य खेळाडू करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला आणि तो सहाव्या सामन्याला जाऊ शकला नाही. विमानात करीमच्या ठरलेल्या जागेवर हा 20 वर्षांचा, पहिल्याच वर्षाचा पोरगा जाऊन बसला आणि घाबरू नका, मी आहे, असं सगळ्यांना सांगत सुटला. फिलाडेल्फियात 42 पॉइंट, 15 रिबाउंड, 7 असिस्ट, आणि विजेतेपद. त्या रात्री हरला असता तर ती जागा त्याला आयुष्यभर ऐकवली गेली असती.

म्हणजे विशीतला बेधडकपणा तेव्हाही होता. तितक्याच बेधडक असलेल्या आणि पुढे काहीच न झालेल्या खेळाडूंची नावं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच.

मग फरक कशात शोधायचा? माझ्या मते शॉट हुकल्यानंतर काय होतं त्यात. इथेही कोबेच बघा. मे 1997, युटा जॅझविरुद्ध प्लेऑफचा पाचवा सामना. वय 18. लेकर्सचा मोठा खेळाडू शकील ओनील फाउलची मर्यादा भरल्यामुळे बाहेर बसलेला. कोबेने शेवटी आणि ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, मिळून चार एअरबॉल टाकले, रिमला बॉल लागलासुद्धा नाही. लेकर्स हरले आणि त्यांचा सीझन तिथेच संपला. त्यानंतर तो लॉस एंजेलिसला परतून सरळ जिममध्ये शॉट मारायला गेला. त्याने त्या चार शॉट्सचा जो हिशोब मांडला तो मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: चारही बॉल दिशेला बरोबर होते, फक्त कमी पडले होते. म्हणजे हात चुकला नव्हता, पाय दमले होते. शाळेतल्या मोजक्या सामन्यांची सवय असलेल्या शरीराला 82 सामन्यांचा सीझन झेपला नव्हता. मग पायांची ताकद वाढवायची, बस. चार एअरबॉलनंतर "मी वाईट खेळाडू आहे" इथवर न जाता "माझे पाय कमी पडले" इथे थांबता येणं, याला मी आत्मविश्वास म्हणतो. प्रत्यक्षात ते फार अवघड असतं. माझ्याकडची मुलं दोन फ्री थ्रो हुकले की तिसऱ्याला हात आखडतात, आणि तो आखडलेला हात लांबूनही दिसतो.

लेब्रॉन जेम्स 2011 ची फायनल डॅलसकडून हरला तेव्हा दोन वेळचा एमव्हीपी होता. त्याच उन्हाळ्यात तो जुन्या काळातला दिग्गज हकीम ओलाजुवॉनकडे गेला, बास्केटकडे पाठ करून कसं खेळायचं ते शिकायला. पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळालं. सर्वोत्तम असताना दुसऱ्याकडे शिकायला जायलाही आत्मविश्वासच लागतो.

आता आजच्या पिढीतल्या अँथनी एडवर्ड्सबद्दल, कारण तुमचा राग मुख्यतः त्याच्यावर आहे. 2024 मध्ये तो म्हणाला की जुना काळ मी पाहिलेला नाही, पण तेव्हा जॉर्डन सोडला तर कुणाकडे कौशल्य नव्हतं. हे साफ चूक आहे. ओलाजुवॉनचं पायांचं काम एकदा नीट बघितलं तरी कुणी असं बोलणार नाही. पण हाच एडवर्ड्स, लोक त्याची जॉर्डनशी तुलना करायला लागले तेव्हा, ती थांबवा, तो सर्वश्रेष्ठ आहे, असंही म्हणाला होता. आणि 2024-25 मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक, 320 थ्री-पॉइंटर मारले. एवढे शॉट नुसत्या तोंडाच्या जोरावर पडत नाहीत. म्हणून त्याचं ते वाक्य खोडा, पण त्यावरून खेळाडूला निकालात काढू नका.

एका बाबतीत तुमची काळजी मलाही वाटते. आजच्या मुलांना खेळ तुकड्यांत दिसतो. स्टीफन करीचा लांबून पडलेला शॉट दिसतो, त्यामागचा सराव क्लिपमध्ये येत नाही. केटलिन क्लार्कचे लांबचे शॉट सगळ्यांना पाठ असतात, पण मे 2024 मध्ये डब्ल्यूएनबीएतल्या, म्हणजे महिलांच्या लीगमधल्या, पहिल्याच सामन्यात तिने 10 वेळा बॉल गमावला होता हे सांगितलं की मुली चकित होतात. त्याच सीझनमध्ये तिने एका सामन्यात 19 असिस्ट देऊन लीगचा विक्रम केला, हे मी त्यानंतर सांगतो.

मला अलीकडे सगळ्यात भावलेला प्रसंग इंडियाना पेसर्सच्या टायरीज हॅलिबर्टनचा. एप्रिल 2025 मध्ये, नावं गुप्त ठेवून घेतलेल्या पाहणीत, इतर खेळाडूंनीच त्याला लीगमधला, वाजवीपेक्षा सर्वात जास्त कौतुक होणारा खेळाडू ठरवलं होतं. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये निक्सविरुद्ध वेळ संपता संपता त्याने शॉट घेतला. बॉल रिमवर आपटून उंच उडाला आणि आत पडला. सामना जिंकला असं समजून त्याने गळ्यावर हात ठेवले, 1994 मध्ये पेसर्सच्याच रेजी मिलरने याच मैदानात केलेली खूण. मिलर स्वतः तिथे कॉमेंट्री करत होता. पण हॅलिबर्टनचा पाय तीन पॉइंटच्या रेषेवर होता. शॉट दोनच पॉइंटचा ठरला, स्कोअर 125-125, आणि खूण करून बसलेल्या त्या मुलाला त्याच प्रेक्षकांसमोर आणखी पाच मिनिटं खेळावं लागलं. पेसर्स 138-135 जिंकले.