पिवळं पडलेलं लॉन मेलेलं नसतं

प्रश्न : ताई नमस्कार, बावधनला आमच्या रो-हाउसच्या मागे ४०० स्क्वेअर फूट मेक्सिकन लॉन आहे. गेल्या डिसेंबरात सगळं पिवळट पडलं, माळ्याने दोनदा युरिया मारला तरी काही हिरवं झालं नाही, उलट गोल डाग पडून तेवढा भाग गेलाच. यंदा थंडीआधी काय करू?

उत्तर : काका, आधी युरिया बंद करा. मेक्सिकन काय नि आपली हरळी काय, ही उन्हात वाढणारी गवतं आहेत, पुण्यात रात्री १०-१२ डिग्रीवर आल्या की ती वाढ थांबवून गप्प बसतात, मरत नाहीत. अशा वेळी ४६ टक्के नत्राचा युरिया घातला तर त्यांना तो नीट घेता येत नाही, थोडी कोवळी पात आलीच तर तिच्यावर रात्रभर दव बसतं आणि बुरशी धरते, तुमचे गोल डाग बहुतेक त्याचेच असावेत. पण एकदा हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, हीही बघून घ्या. पिवळ्या जागचं गवत मुठीत धरून ओढा, सतरंजीसारखं सुटून आलं तर खाली तिच्या पांढऱ्या अळ्या असणार, त्या वेचून काढा.

खरं काम ऑक्टोबरातलं, पाऊस संपलाय आणि गवत अजून वाढतंय तोवरच. मेक्सिकन उशीसारखं फुगतं ना, त्याच्या खाली वाळक्या काड्यांचा थर बसलेला असतो, तो दाताळ्याने ओढून काढा, मग फोर्कने वीतभर अंतरावर ३-४ इंच खोल भोकं पाडा कारण पावसाने माती पार दबलेली असते, आणि वरून चाळलेलं कंपोस्ट, रेती, माती मिसळून पाव इंच पसरा. तुमच्या लॉनला ८-९ घनफूट माल पुरतो, ट्रॉलीभर मागवू नका. लव्हाळ्याचं तण ओल असतानाच गाठींसकट खुरप्याने काढा. महिनाअखेरीला म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशचं खत १०० स्क्वेअर फुटाला ७५ ग्रॅम, आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर पात जळते.

आणि ऊन बघा, हे कुणी बघतच नाही! डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा भिंतीची सावली उत्तरेला जवळपास तिच्या उंचीएवढी पडते, म्हणजे लॉन घराच्या उत्तरेला असेल तर भिंतीलगतची पट्टी महिनाभर ऊनच बघत नाही. तिथे लॉनचा हट्ट सोडा, फरशी नाहीतर मनीप्लांट लावा, मला तरी तेच पटतं.

प्रश्न : हिवाळ्यात लॉनला रोज संध्याकाळी पाणी घालते, बरोबर आहे ना?

उत्तर : नाही हो. सकाळी घाला, म्हणजे उन्हात पात सुकते. तेही रोज नको, बोट खुपसून बघा, इंचभर माती कोरडी लागली की मगच, पण सावकाश आणि खोलवर जाईल असं.