पडले मी, मग भरपाई कशी मागू?

त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि डाव्या हातात एक पाकीट. ते टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मॅडम, यावर उद्यापर्यंत सही करायचीय. मुलगा म्हणतो, करू नकोस, केस टाकू. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

वय पन्नाशीच्या पुढे, पोट शिवणकामावर. एका व्यापारी इमारतीत शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. जिन्यातली फरशी नुकतीच पुसलेली, बल्ब गेलेला, पाटी नाही. पाय घसरला, मनगट मोडलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) पाकिटात इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र होतं. दवाखान्याचा आजवरचा खर्च देतो, त्या बदल्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ म्हणून सही द्या.

"पडले मी. मी त्यांची गिऱ्हाईकसुद्धा नाही. पैसे मागितले तर लोक हावरट म्हणतील ना?"

अपघातातून उठलेली कितीतरी माणसं हा प्रश्न घेऊन येतात. इजा त्यांना झालेली असते आणि लाजही त्यांनाच वाटत असते. मला याचं फार वाईट वाटतं.

मी वकील नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. पण भीती कशाची आहे ते नीट पाहायचं तर कायदा काय विचारतो, एवढं तरी कळायला हवं. तुम्ही हावरट आहात का, हे तो विचारत नाही. समोरच्यावर तुमची काळजी घेण्याची जबाबदारी होती का, त्यात हलगर्जी झाली का, इजा त्या हलगर्जीमुळेच झाली का आणि नुकसान खरोखर काय झालं, हे तो पाहतो. यातला एक दुवा जरी तुटला तरी दावा उभा राहत नाही.

गिऱ्हाईक नसण्याचा मुद्दाही जुनाच आहे. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मे डोनोह्यू यांनी जिंजर बिअर प्यायली आणि त्या आजारी पडल्या. बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, असं त्यांचं म्हणणं होतं. बाटली त्यांनी नव्हे, सोबतच्या व्यक्तीने घेतली होती. तरीही उत्पादकावर त्यांच्याबद्दल जबाबदारी येते, असा निकाल 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. ही गोष्ट ऐकून बाई जरा सावरून बसल्या. "म्हणजे मी काही घेतलं नव्हतं, तरी चालतं?" या एका कारणाने दावा पडत नाही, एवढं मी सांगू शकले.

मग हळूच म्हणाल्या, "पण माझ्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. खालचं दिसत नव्हतं." आणि दुसरी गोष्ट, व्यवस्थापक म्हणाला होता, "तुमची हाडंच ठिसूळ, त्याला आम्ही काय करणार?"

गाठोड्याचं वकिलापासून लपवू नका, असं मी त्यांना बजावलं. इंग्लंडमध्ये एकेकाळी जखमी माणसाची जरा जरी चूक असली तरी सगळा दावा बुडायचा. 1945 च्या कायद्याने ते बदललं. आता तिथे आणि इतरही अनेक देशांत चुकीच्या वाट्याएवढी भरपाई कापली जाते. ठिसूळ हाडांबद्दल तर ब्रिटिश परंपरेतल्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे की इजा करणाऱ्याने समोरचा माणूस जसा असेल तसा धरायचा. दुसऱ्या कुणाला नुसता मुका मार लागला असता, म्हणून यांच्या मोडलेल्या हाडाची जबाबदारी टळत नाही.

झोपेचं विचारलं तर डोळा लागला की पाय घसरल्यासारखं होऊन दचकतात. जिना आता बसून, एकेक पायरी सरकत उतरतात. डॉक्टरांना सांगितलंत का? "हाडाच्या डॉक्टरांना झोपेचं काय सांगायचं?" सांगायचंच. आधी उपचारासाठी. दुसरं म्हणजे भीती, वेदना, गेलेली झोप हेही अनेक ठिकाणी नुकसानीत धरतात, पण त्याची वेळच्या वेळी नोंद लागते. दावा झाला तर माझ्या नोंदीही मागवल्या जाऊ शकतात, हेही त्यांना तेव्हाच सांगितलं. ते नंतर कळणं बरोबर नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी ऑर्डरची वही आणली. अपघाताच्या दिवसापर्यंत पानं गच्च भरलेली, छाती, कंबर, उंची, बाही. पुढे कोरी. मध्येच एका पानावर डाव्या हाताने लिहिलेले दोन वाकडे आकडे आणि त्यावर काट. त्या पानाकडे बघताना मला गलबलून आलं. बुडालेली कमाई दाखवायला याहून चांगला पुरावा कुठून मिळणार होता! मुलाने जिन्याचे फोटो त्याच संध्याकाळी काढले होते. सीसीटीव्हीचं चित्रण मात्र काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवा असं लेखी कळवणं बाकी होतं.

दावा करावाच, असं मी कुणाला म्हणत नाही. एक तरुण आठ दिवसांत बरा झाला होता, त्याला खुपत होतं ते उद्धट बोलणं. त्याने पत्र लिहून समोरच्यांना माफी मागायला सांगितलं, त्यांनी ती मागितली, विषय संपला. वकिलाचा खर्च भरपाईहून जास्त जाणार असेल किंवा हलगर्जी दाखवायला हातात काहीच नसेल, तर वर्षानुवर्षं तारखा ओढणं ही वेगळी इजा असते.

बाईंचं तसं नव्हतं. हात पूर्ववत होईल का, हे डॉक्टरच अजून सांगू शकत नव्हते. अंतिम तडजोडीवर सही झाली की पुढे शस्त्रक्रिया निघाली तरी सहसा परत मागता येत नाही. "उद्याची मुदत त्यांनी घातलीय, कायद्याने नाही," मी म्हटलं. कायद्याची मुदत वेगळी असते, देशागणिक आणि दाव्यागणिक बदलते आणि चुकली तर चांगला दावाही बुडतो. वकिलाला पहिल्याच भेटीत ती विचारा, फी कशी घेणार ते विचारा आणि हरलो तर समोरच्याचा खर्च आपल्यावर येतो का, तेही. त्यांनी हे तिन्ही प्रश्न वहीच्या मागच्या पानावर मुलाकडून लिहून घेतले.

सही केली नाही. वकिलाची नोटीस गेली आणि बऱ्याच महिन्यांनी कोर्टाबाहेरच तडजोड झाली. गाठोड्यापायी काही भाग कापला गेला, तो त्यांना मान्य होता. बुडालेली कमाई आणि पुढच्या उपचारांचा खर्च मात्र त्यात धरला गेला.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "जिन्यात दिवा लावलाय त्यांनी. मी स्वतः जाऊन बघून आले." उतरताना कठड्याला धरलं होतं. पण उभ्याने उतरल्या.