वाचकांचे प्रश्न : शिखर नंतर, आधी खोरं

प्रश्न : आम्ही चौघं आहोत. व्यावसायिक मोहिमांतून दोन सहाहजारी (सहा हजार मीटरवरची) शिखरं झाली आहेत. आता फारसं कुणी न गेलेल्या रांगेत तीन आठवड्यांत एखादं न चढलेलं शिखर करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शिखरापासून नको. अशा रांगांत मोहीम फसते ती बहुधा वाटेतच. एकाच बेस कॅम्पवरून चार-पाच शिखरं गाठता येतील असं खोरं निवडा, म्हणजे एक अडलं तरी दुसरं हाताशी राहतं.

'न चढलेलं' ही खात्री स्वतः करा. अमेरिकन अल्पाइन जर्नल आणि हिमालयन जर्नल, दोन्ही १९२९पासूनची, चाळा. शोध शिखराच्या नावाने नको, हिमनदी आणि उंचीवरून घ्या. एकाच शिखराला दोन-तीन नावं सर्रास असतात. मध्य आशियातल्या तिएन शान किंवा पामीर रांगांत जात असाल तर रशियन अहवाल पाहिल्याशिवाय 'पहिली चढाई' म्हणू नका.

जुन्या सोव्हिएत नकाशांवर कडे-खिंडी चांगल्या दिसतात, पण हिमनद्या तेव्हाच्या. नकाशातल्या बर्फाच्या खिंडीत आज सुटे दगड असू शकतात. म्हणून सेंटिनेल-२ची मोफत उपग्रहचित्रं तुमच्याच महिन्याची, मागच्या तीन-चार वर्षांची, शेजारी ठेवून बघा. चित्रात १० मीटरचा एक ठिपका असतो, म्हणजे क्रेव्हासचे (हिमनदीतल्या खोल भेगांचे) पट्टे कळतात, एकटी भेग कळत नाही. संगणकावरच्या त्रिमिती नकाशात धारदार कडा बोथट होतात, तेव्हा त्यावरून चढ सोपा ठरवू नका.

आता ओझं. माणशी रोज ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरला तर २१ दिवसांचे ६७ किलो. इंधन, तंबू, दोर, कपडे मिळून एकूण १८० किलो सहज. घोडे जिथे थांबतात तिथून पुढे प्रत्येकी २० किलो नेलं तरी ओझ्याच्या तीन फेऱ्या होतात, म्हणजे १२ किलोमीटरचं मोरेन (हिमनदीने साचवलेले दगडगोटे) पाचदा तुडवायचं, तीनदा जाताना आणि दोनदा परतताना. वेळापत्रकात हे दिवस कुणी धरत नाही! हिमनदीचं पाणी दुपारनंतर चढतं; नदी पहाटेच ओलांडा.

प्रश्न : स्टोव्ह गॅसचा न्यावा की पेट्रोलचा?

उत्तर : विमानात भरलेले कॅनिस्टर नेता येत नाहीत आणि दुर्गम भागात मिळतीलच असं नाही. पेट्रोलचा न्या. बर्फ वितळवायचा असेल तिथे माणशी रोज सुमारे १५० मिलिलिटर लागतं. चौघांना १४ दिवसांसाठी साडेआठ लिटर, वर दोन लिटर राखीव. गाडीच्या पेट्रोलने काजळी धरून जेट (इंधन बाहेर पडायचं बारीक छिद्र) तुंबतं, त्यामुळे जादा जेट, पिन, पंपाचा वॉशर आणि ओ-रिंग हव्यात. वापरलेला स्टोव्ह आणि बाटली आधी धुऊन, उन्हात वाळवून घ्या. पेट्रोलचा वास आला तर विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न : विमा साधा प्रवासाचा चालेल?

उत्तर : नाही. उंचीची मर्यादा आणि दोर लावून केलेली चढाई, दोन्ही कलमं वाचा. सॅटेलाइट फोनला त्या देशात परवानगी लागते का, तेही आधीच विचारा.