केवळ गिटार आणि आवाज

प्रश्न : इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेक यांच्या १९७२ च्या 'पिंक मून' या जेमतेम २८ मिनिटांच्या अल्बममध्ये गिटारखेरीज जवळपास काहीच नाही. तरीही तो श्रोत्यांना इतका का भावतो?

उत्तर : आधीच्या दोन अल्बममध्ये ड्रेक यांच्या साथीला व्हायोलिन-चेलोंचा ताफा होता, १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुड यांच्यासोबत त्यांनी दोन रात्रींत सारी गाणी मुद्रित केली आणि शीर्षकगीतातला छोटासा पियानो सोडल्यास त्यांवर काहीही चढवले नाही. त्यामुळे सारे लक्ष गिटारवर खिळते. बऱ्याच गाण्यांत ते तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावत. अंगठा खर्जाच्या तारांवर लय धरतो, बाकीची बोटे स्वतंत्र सुरावट विणतात, आणि वाजवणारा एकच आहे यावर विश्वास बसत नाही. गाणे तर कानाशी बोलल्याइतके हळुवार.

अल्बम तेव्हा फारसा खपला नाही आणि १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ड्रेक गेले. तरीही या शोकांतिकेमुळेच तो भावतो असे म्हणणे मला त्यांच्या कारागिरीवर अन्याय करणारे वाटते. 'रोड' हे गाणे हेडफोन लावून अवश्य ऐकावे.