सात शिखरं चढायची, पण कॉलेज नको?

'मुलगी बारावी सायन्सला आहे. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं चढायचीच म्हणते, कॉलेज नको म्हणते. एक एजंट किलिमांजारोपासून सुरुवात करा सांगतो, कर्जाचीही सोय करतो म्हणतो. यात करिअर आहे का?' – एक पालक, नाशिक

नमस्कार,

आधी एजंटला नाही म्हणा.

सात शिखरांतून पगार मिळत नाही, पैसा जातो. १९८५ मध्ये ती पहिल्यांदा पूर्ण करणारे डिक बास अमेरिकेत स्की रिसॉर्टचे मालक होते. एव्हरेस्टचा नेपाळी परवानाच आता १५,००० डॉलर. अंटार्क्टिकातलं विन्सन उंचीला ४,८९२ मीटर, पण चिलीतून खास विमानानं जावं लागतं. तिथे खिसा रिकामा होतो. किलिमांजारोला दोर लागत नाही, वाट चालायची असते. विरळ हवेचा त्रास होतो तो होतोच, पण माथ्यावरचा फोटो म्हणजे गिर्यारोहण आल्याचा दाखला नव्हे.

मुलीनं मुंबईच्या काम्या कार्तिकेयनचं नाव घेतलंच असेल. तिनं २०२४ मध्ये सतराव्या वर्षी सातवं शिखर गाठलं, तेव्हा ती बारावीत शिकत होती. मल्ली मस्तान बाबूंनी २००६ मध्ये १७२ दिवसांत सातही केली, ती आयआयटी खरगपूर आणि आयआयएम कोलकाता करून.

तेव्हा कॉलेजात नाव घाला आणि तिथे एनसीसी असेल तर पहिल्याच वर्षी घ्यायला लावा. गिर्यारोहणाच्या कोर्सला कॅडेट्स पाठवले जातात. नाहीतर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्स थेट करता येतो. साधारण चार आठवडे, पाठीवर सॅक, पहाटे उठणं. जागा कित्येक महिने आधी भरतात. 'ए' ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्स, आणि पुढे प्रशिक्षक व्हायचं तर एमओआय, म्हणजे 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन' हा शिकवायचं कसं ते शिकवणारा कोर्स. तोवर रविवारी तुमच्या त्र्यंबक-अंजनेरीच्या कड्यांवर जाणत्या क्लबबरोबर प्रस्तरारोहण होऊ द्या.

करिअर आहे ते या वाटेवर: प्रशिक्षक, मोहिमांचं आयोजन, बचावकार्य, पवनचक्क्या नि उंच इमारतींवर दोरावरून करायची देखभाल. शेवटचं काम कुणाला सुचत नाही, पण त्याला वेगळं प्रमाणपत्र आणि चांगली मागणी आहे.

बेसिकनंतरही तिला जायचंच असेल तर माझ्याकडे दोघं या. तेव्हा प्रायोजकांबद्दल बोलू.