प्रागमध्ये फोनवर फोटो काढताना

प्रागला पहिल्यांदाच जाताय ना, मग चार्ल्स पूल उजाडतानाच गाठा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल दिवसभर माणसांनी फुललेला असतो. सकाळचं ऊन जुन्या शहराच्या बाजूने, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरचा किल्ला उजळतो. आकाश पांढरंफटक दिसत असेल तर स्क्रीनवर तिथेच बोट दाबून धरा नि उजेड खाली ओढा. काळवंडलेल्या पुतळ्यांच्या कडा काय सुरेख उठून दिसतात! वाइड लेन्सचा मोह टाळा, त्यात मनोरे कलंडतात. चार पावलं मागे जाऊन फोन सरळ धरा. १४१० सालच्या खगोलीय घड्याळापाशी तासाच्या ठोक्याला सगळे फोन वर करतात. मी तिथे घड्याळाकडे पाठ करून माना वर केलेले चेहरे टिपते. आणि हो, आधी लेन्स पुसा, तिच्यावर बोटांचे ठसे हमखास असतात.