कारलं भावत नाही

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

अनेक आशीर्वाद.

परवा खंडेराव मार्केटात तुझी आई भेटली. हातात मेथीची जुडी आणि चेहऱ्यावर काळजी. "भाषाविज्ञान घेणार म्हणते. पाच-सहा भाषा शिकून दुभाषी व्हायचंय का हिला?" त्या गर्दीत काय समजावणार, मी आपली "बघू" म्हणून सटकले. रात्री तुझा मेसेज आला: मावशी, मेजर (मुख्य विषय) घेऊ की मायनर (जोडविषय)? मोबाइलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतलाय. अक्षर सांभाळून घे.

एक कर. "चार, पाच" असं मोठ्यानं म्हण. लिहिताना च एकच, पण चारला जीभ टाळूला टेकते आणि पाचला दातांमागे सरकते. आता "माझा, माझी" म्हण. पुढे ई आली की झ टाळूकडे जातो. हे तुला कुणी बसवून शिकवलेलं नाही, तरी तू कधी चुकत नाहीस. तुझा धाकटा भाऊ चुकतो. त्याच्या शाळेतल्या गुजरातीत च एकाच जातीचा, म्हणून त्याच्या ‘चांगलं’मध्ये चहातला च येतो आणि आजी ओरडते. अशा वेळी जिला वही काढावीशी वाटते, कोणत्या शब्दांत असं होतं, आजीसमोर कमी होतं का, मित्रांत वाढतं का, ती या विषयाची मुलगी. मग तिला भाषा दोन येवोत की सात.

माझी वही निघाली ती कारल्यामुळे. अठराची असताना पुण्याला नात्यात जेवायला बसलो होतो. वाढणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "मला कारलं भावत नाही." त्या थबकल्या. "भावायला कारलं म्हणजे काय कविता आहे का गं?" अख्खी पंगत हसली. कुणीतरी "बडोद्याचं मराठी!" असा शेराही मारला. त्यानंतर कित्येक वर्षं मी पुण्यात मुकाट्यानं कारलं खाल्लं.

उजेड पडला तो बीएच्या दुसऱ्या वर्षी, अर्थविचाराच्या, म्हणजे शब्दांच्या अर्थांच्या अभ्यासाच्या तासाला. गुजरातीत आवडण्याची दोन खाती आहेत. जिभेला रुचतं ते ‘भावे’, बाकीचं सगळं ‘गमे’. मराठीत दोन्हीला आवडणंच. आमच्या घरानं गुजरातीतली ही वाटणी उचलली आणि तिच्यासाठी मराठीत आधीपासून पडलेलं ‘भावणं’ कामाला लावलं. त्यामुळे माझ्या आजीला सिनेमा आवडायचा आणि बासुंदी भावायची. "मला तो मुलगा भावत नाही" असं ती कधीच म्हणाली नसती, त्याला तळून खायचा असल्यासारखं वाटलं असतं. म्हणजे या बोलण्याला नियम होता, आणि तो पुण्याच्या नियमापेक्षा बारीक होता. पंगतीत हे ठाऊक असतं तर!

सांगलीजवळच्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली लिहिलेला लेख तुला लवकरच भेटेल. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की शब्दाजागी शब्द ठेवला तरी भाषांतर व्हावं. एरवी उर्दूतल्या ‘हम’मध्ये ऐकणारा धरलाय की वगळलाय ते कळत नाही. कुपवाडच्या उर्दूनं मात्र आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखा भेद करायला घेतला. गायकवाडांबरोबर आलेली आपली माणसं अडीच-तीन शतकं गुजरातीच्या शेजारी आहेत. तुझ्या स्वयंपाकघरात काय काय सापडेल, विचार कर.

आता एक तक्रार. मला वाक्यविचार, म्हणजे वाक्यांच्या रचनेचा अभ्यास, शिकवला गेला तो सगळा इंग्रजी वाक्यांवर. जॉन मेरीला पुस्तक देतोय, मेरी जॉनला पुस्तक देतेय, वर्षभर हेच. मी जवळजवळ विषय सोडला होता. मग चिडून प्रत्येक वाक्याखाली एक मराठी आणि एक गुजराती वाक्य लिहायला लागले. "आईनं पोळी खाल्ली, आंबा खाल्ला", इथं क्रियापद खाण्याच्या वस्तूकडे बघून बदलतं, दोन्ही भाषांत. पण "आईनं मुलीला बोलावलं" म्हणताना मराठी क्रियापद नपुंसकलिंगात जाऊन बसतं, मुलीला ‘ला’ लागला की तिच्याकडे बघतच नाही. गुजरातीत मात्र ‘माए छोकरीने बोलावी’. ‘ने’ लागला तरी क्रियापदाची मुलीवरची नजर हटत नाही. दोन्ही भाषा जन्मभर बोलूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. तुझ्या वर्गातही इंग्रजीच असेल, सयाजीराव विद्यापीठाचं माध्यमच ते. हरकत नाही. खाली दोन ओळी मोकळ्या सोडत जा.

आणि माझी फजिती ऐक. छोटाउदेपूरच्या बाजूला राठवी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या एका काकांकडे दोन दिवस बसले. "याला काय म्हणता, त्याला काय म्हणता?" सगळे प्रश्न गुजरातीत. वही भरली. परत येऊन बघते तर बहुतेक उत्तरं गुजरातीच! शहरातून आलेल्या बाईला समजावं म्हणून त्यांनी आपली भाषा बाजूला ठेवली होती, पाहुणचारच तो. मागच्या पडवीत त्यांची बायको नातवाला रागवत होती, खरी राठवी तिकडे चालली होती आणि मी तिकडे पाठ करून बसले होते. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावं सांगितली, छाननीत ती १,३६९ मातृभाषांवर आली आणि शेवटी १२१ भाषांत बसवली गेली. हे आकडे वाचले की मला ती पडवी आठवते.

मेजर-मायनरचं माझं मत ऐकायचंच असेल तर मायनरनं सुरुवात कर. सोबत मानसशास्त्र, संस्कृत, नाहीतर संख्याशास्त्र, जे विद्यापीठात जुळेल ते. क्रेडिटचं गणित मला विचारू नकोस, सरळ विभागात जाऊन विचार. आर्ट्‌सच्या घुमटाखाली चार माणसं भेटतात, त्यातलं एक तरी सांगतं. संगणकाला मराठी शिकवण्याच्या कामात हल्ली भाषाविज्ञानवाल्यांची गरज लागते, पण त्यासाठी थोडं प्रोग्रॅमिंग हवं. नुसतं ‘मराठी येतं’ याचे पैसे फार मिळत नाहीत. प्राध्यापकी करायची तर एमए आणि नेट ही पात्रता परीक्षा, आणि बराच धीर. एक गैरसमज मात्र आत्ताच काढ. भाषाविज्ञान शिकून वाचा-उपचारतज्ज्ञ होता येत नाही. त्याचा अभ्यासक्रम वेगळा, आणि त्याला बारावीला सायन्स लागतं. तू आर्ट्‌सची, म्हणजे तो रस्ता बंद.

मेजरचा मोह होत असेल तर आधी पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाडचे जुने प्रश्न काढ. अनोळखी भाषेतली आठ-दहा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, नियम आपण शोधायचे. दोन रविवार घालव. जेवण गार झालं तरी कागद हातातून सुटला नाही, तर घे मेजर, मी अडवणार नाही.

आजीचं बोलणं रेकॉर्ड करशील तेव्हा तिला आधी विचार, आणि पंखा बंद कर. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धा तास फक्त पंखा बोलतोय. कागद समोर धरून प्रश्न विचारू नकोस. तिला लोणच्याचं विचार, किंवा शेजारणीशी झालेल्या भांडणाचं.

बुधवारी संध्याकाळी तुझ्या आईशी बोलायला येते. तू घरी थांब.

तुझी
मावशी